पालखीची पोथी

सुंदरबाईंनी पालखीच्या दांडीवर हात ठेवला, तशी खांदा द्यायला वाकलेली चार माणसं वाकलेलीच राहिली. पालखीत गादीवर पोथी होती. तिला डाळिंबी शालूचं वेष्टन होतं, त्यावर जरीच्या कोयऱ्या होत्या आणि कापडाचे चारी पदर वर घेऊन कमळाच्या कळीसारखी गाठ मारलेली होती. ज्येष्ठातलं सकाळचं ऊन त्या जरीवर पडलं होतं. मंदिराच्या ओट्यावर बसलेल्या बायका बोलता बोलता मध्येच थांबून तिकडे बघत होत्या.

"भाऊजी," मंदिराचा कारभार पाहणाऱ्या शिखरचंदांना सुंदरबाई म्हणाल्या, "यंदा चौमासात ही पोथी लावा ना वाचाले."

शिखरचंद केशराची वाटी घेऊन उभे होते. ते हसले. माणूस वाईट नव्हता. कापडाचं दुकान होतं आणि चांगलं कापड नजरेला पडलं की त्यांना मनापासून बरं वाटायचं.

"ही? वयनी, हिले हात लावाले जीव होत नाही माणसाचा. चार महिने रोज सोडा, रोज बांधा, जर उसवून जाईन सारी. ही पालखीची पोथी आहे. हिच्यानं पालखीले शोभा आहे."

"मागच्या साली बी तुमी हेच म्हनलं होतं."

"मंग पुढच्या साली बी हेच म्हनन," शिखरचंद म्हणाले. ओट्यावरच्या बायका हसल्या. "चला रे, उचला."

पालखी उठली. 'जिनवाणी माता की जय' असा पोथीचा जयजयकार झाला, झांजा वाजल्या आणि डाळिंबी पोथी मंदिराच्या दारातून बाहेर पडून कामरगावच्या पेठेकडे गेली. सुंदरबाईंचा हात मोकळाच राहिला. त्यांनी तो पदराला पुसला आणि त्या अंगणात येऊन बसल्या.

त्या लहानशा जैन मंदिरात श्रुतपंचमी म्हणजे पोथ्यांचा सण. वर्षभर कपाटात असलेल्या सगळ्या पोथ्या त्या दिवशी बाहेर निघत. बायका वेष्टनं सोडत, पानं सुटी करून धुतल्या धोतरांवर उन्हात मांडत, मऊ कुंचल्यानं झाडत, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा नव्या कापडात बांधत. पालखी मात्र सकाळीच निघे. ती वेशीपर्यंत जाऊन, दारोदार आरती घेऊन परत येईस्तोवर दुपार कलंडलेली असे. अंगणातल्या पोथ्या तोवर कपाटात गेलेल्या असत. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळे बायकांना घरची चूल दिसायला लागलेली असे. मग पालखीतल्या पोथीवरची धूळ वरच्यावर पुसली जाई आणि ती सगळ्यात वरच्या फळीवर, काचेआड जाऊन बसे. एकोणीसशे सदतीस साली तिची पालखीत बसायची ही बारावी खेप होती.

"काहून सारखी त्याच्या मागं लागते व?" शेजारी पानं झाडत बसलेली कस्तुराबाई म्हणाली. दोघी एकाच गल्लीत सून म्हणून आलेल्या. "साऱ्या गावात मान आहे पोथीले. अजून काय पाह्यजे तुले?"

"कस्तुरा, माह्या पोरीचं अक्षर अजून कोनी पाह्यलं नाही."

कस्तुराबाईचा कुंचला थांबला. तिनं झाडलेलं पान पुन्हा एकदा झाडलं.

पोथी भागिरथीनं लिहिली होती. सुंदरबाईंची एकुलती एक लेक. अकराव्या वर्षी तिला कारंजाला दिली होती. अठरा सालच्या तापाच्या साथीत आठ दिवसांच्या आत तिकडे तिचा नवरा गेला आणि इकडे बाप. चौदा वर्षांची पोर पांढऱ्या लुगड्यात माहेरी आली. पुढची दोन-तीन वर्षं त्या घरात मायलेकी फारसं बोलत नव्हत्या, कारण तोंड उघडलं की दोघींनाही रडूच यायचं. शेवटी चौमासाला आलेल्या एका म्हाताऱ्या पंडितबाईंनी भागिरथीला अक्षरओळख करून दिली आणि तिच्या हातात बोरू दिला. म्हणाल्या, "रडाचं तं रड, पन हात चालू ठेव."

भागिरथीचा हात चालू राहिला. श्रावकानं कसं वागावं हे सांगणारा एक जुना ग्रंथ तिनं नकलायला घेतला, वर श्लोक आणि खाली मराठी अर्थ. कागद दौलताबादचा, शाई घरी दिव्याची काजळी खलून केलेली. दोरे ताणलेल्या पाटीवर कागद दाबून ती ओळी उठवायची, भोवती हिंगुळाची लाल रेघ मारायची आणि मग लिहायला बसायची. एक अक्षर चुकलं तर अख्खं पान बाजूला ठेवायची. सुंदरबाई समोर बसून गहू निवडत. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कोणत्या पानाला पोरीला ताप होता आणि कोणत्या पानाला ती गुणगुणत होती हे त्यांना ठाऊक होतं. तीन वर्षं असं चाललं. त्या तीन वर्षांत त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

ग्रंथ लिहून झाला की लिहिणाऱ्यानं शेवटच्या पानावर आपले चार शब्द लिहायचे, अशी जुनी रीत आहे. कोणी लिहिला, कुठे लिहिला, कोणासाठी लिहिला. हे शेवटचं पान भागिरथीनं आईकडे पाठ करून लिहिलं. दोन दिवस लागले तिला.

"काय लिहून राह्यली व एवढं?" सुंदरबाईंनी विचारलं.

"समाप्तीच्या दिवशी समजन तुले."

"आताच सांग ना, माय."

"नाही. मंदिरात वाचून होईन, शेवटचं पान येईन, साऱ्या बायका बसल्या असतीन, तवा आयक. तवर कोनाले वाचून दाखवा म्हनशीन नाही. दे वचन."

सुंदरबाईंनी वचन दिलं. भागिरथीनं पानं लाकडी पाट्यांमध्ये घातली आणि वर सुताची दोरी गुंडाळली. खोकला होताच, तो त्या हिवाळ्यात वाढला. महिनाभरात ती गेली. एकविसावं लागलं होतं.

पोथी मंदिरात द्यायची तर तिला वेष्टन हवं, आणि वेष्टन शिवायचं काम घरच्यांचं. सुंदरबाईंनी त्यावर बराच विचार केला होता. मंदिरात रोज दुपारी स्वाध्यायाला बसणाऱ्या बायकांत वाचणारी एखादीच असे. ती कपाट उघडून विचारी, "आज कोनती काढू?" आणि बाकीच्या बोट दाखवत. बोट नेहमी कापडाकडे जाई. एका पंचमीला तर धांदलीत दोन पोथ्यांची वेष्टनं अदलाबदल झाली होती. त्यानंतर बायका लाल छिटाचीच पोथी मागत राहिल्या आणि आतला ग्रंथ दुसराच आहे हे दिवाळीपर्यंत एकीच्याही ध्यानात आलं नाही. विटक्या कापडातल्या पोथीकडे कोणी ढुंकून पाहत नसे, मग आत साक्षात अमृत का असेना. सुंदरबाईंनी हे सगळं पाहिलं होतं. म्हणजे सगळ्यात देखणं कापड ज्या पोथीला, ती सगळ्यात आधी उघडली जाणार. यात चुकण्यासारखं काय होतं?

घरात सगळ्यात देखणं कापड एकच होतं. भागिरथीच्या लग्नातला शालू. तिच्या अंगावरून उतरला तेव्हापासून तो पेटीच्या तळाशी होता आणि तो कोणाला देता येत नव्हता, कारण तसला शालू कोणी घेत नाही. सुंदरबाईंनी तो काढला. कात्री लावायला हात धजेना. मग एका रविवारी त्यांनी दार लावून घेतलं, मनसोक्त रडून घेतलं आणि शालू कापला.

मंदिरात एकदोघींनी नाकं मुरडली. पण शिखरचंदांनी कापड हातात घेतलं, जर उलटीसुलटी करून पाहिली आणि निकाल दिला, "जिनवाणीले काय सवाशीन अन् काय विधवा? असं कापड साऱ्या तालुक्यात नाही." त्याच पंचमीला पोथी पालखीत बसली.

पहिल्या वर्षी सुंदरबाई पालखीच्या मागे चालल्या तेव्हा त्यांना सुख झालं, हे खोटं कशाला बोला. हळदीकुंकवाला ज्यांच्या दारात भागिरथी उभी राहू शकत नव्हती त्या बायका रांगेत उभ्या राहून तिच्या शालूला डोळे लावत होत्या. संध्याकाळी पालखी परत आली. कस्तुराबाईनं गाठ सोडायला हात पुढे केला होता. "अजून ऊन आहे जरासं, पानं उघडून ठेवू," ती म्हणाली होती. सुंदरबाईंनीच तिचा हात धरला. "राहू दे व. घडी मोडन. इतकी सुरेख बसली आहे."

अति तिथं माती म्हणतात ते असं. पोथी लाल छिटात असती तर रोज निघाली असती. शालूत होती म्हणून काचेआड गेली. कोणी पाहुणा आला की शिखरचंद त्याला कपाटापाशी नेऊन दाखवत. शेलूबाजारहून एक बाई आपल्या नातीच्या शालूसाठी ती कोयरी पाहायला मुद्दाम आली होती. अमक्या वर्षी पालखीत ती कशी दिसली हे लोक सांगत. आत काय आहे असं अकरा वर्षांत एकानंही विचारलं नाही. तोच ग्रंथ मंदिरात आणखी दोन प्रतींत होता, एक निळ्या छिटात आणि एक मुंबईहून आलेला छापील, ज्याच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं होती आणि म्हणून तरण्या पोरांना तोच हातात धरायला आवडे. तेव्हा अडत कोणाचंच नव्हतं. दर आषाढात चौमासाची पोथी निवडली जाई तेव्हा सुंदरबाई पहिल्या रांगेत जाऊन बसत आणि दर वर्षी दुसऱ्याच एखाद्या पोथीचं नाव ऐकून घरी येत. वचन मोडून कोणाला 'शेवटचं पान तेवढं काढून वाचा' म्हणावं असं त्यांच्या पुष्कळदा तोंडापर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं. मेलेल्या पोरीला दिलेलं वचन होतं.

या पंचमीला मात्र शिखरचंद 'पुढच्या साली बी हेच म्हनन' म्हणाले आणि सुंदरबाईंच्या मनात आलं की आपण आता साठीच्या पुढे आलो. आपल्यापाशी किती पुढची सालं आहेत?

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिखरचंदांच्याच दुकानातून दीड वार मांजरपाट आणला आणि घरी बसून चारी बाजूंनी दुमडून शिवला. साधं, पिवळट, खळीचा वास येणारं कापड. ते घेऊन त्या मंदिरात गेल्या.

मंदिरात मागच्या वर्षापासून अजितकुमार नावाचे तरुण पंडितजी वाचनाला आले होते. पाठशाळेत शिकलेले. खोटं बोलायचं नाही असं व्रत त्यांनी घेतलं होतं आणि लोक त्यांना जेवायला बोलवायला थोडे बिचकत, कारण भाजी अळणी झाली तर ते अळणी झाली असंच सांगत. सुंदरबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. पोरीचं लिहिणं, शेवटचं पान, वचन, शालू.

"म्हनजे त्या पानात काय आहे ते तुमाले बी माहीत नाही?" अजितकुमारांनी विचारलं.

"नाही ना, पंडितजी. तेच आयकाचं आहे. एकदा आयकलं की मी मोकळी."

"मंग यंदा तीच लावू, काकू. मले तो ग्रंथ लहानपनापासून आवडते."

शिखरचंदांनी आधी कां-कूं केलं. मग मांजरपाट हातात घेऊन बोटांनी चाचपला आणि त्यांना तोड सुचली.

"बरं, तुमच्या मनासारखं होऊ द्या. पोथी काढा, ह्या कापडात बांधा, वाचा. पन शालू राहू द्या मंदिरात. पालखीसाठी दुसरी कोनती बी पोथी त्याच्यात बांधू."

"कोनती बी?" सुंदरबाई म्हणाल्या.

"मंग? आत काय आहे ते कोनाले दिसते, वयनी?"

हे ते अगदी सरळ मनानं म्हणाले. सुंदरबाई हो म्हणून घरी आल्या. त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही. मान शालूला होता, पोरीला नव्हता, हे त्यांना काय आधी कळत नव्हतं? पण मनात कळणं निराळं आणि कोणी तोंडावर सांगणं निराळं. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. जाऊ दे. पोथी तर निघते आहे.

आषाढातल्या चतुर्दशीला चौमासा बसायचा होता. आदल्या दिवशी दुपारी मंदिरात कोणी नव्हतं. अजितकुमारांनी वरच्या फळीवरून पोथी काढली आणि चौरंगावर ठेवली. सुंदरबाई समोर बसल्या. न्हाऊन, धुतलं लुगडं नेसून आल्या होत्या.

गाठ सुटेना. अकरा वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता. सुंदरबाईंनी नखांनी एकेक पदर मोकळा केला. शालू चौरंगावर चारी बाजूंना पसरला, आतल्या बाजूनं तो पेटीतून काढलेल्या दिवसासारखाच कोरा होता. अजितकुमारांनी सुताची दोरी सोडली आणि वरची पाटी उचलली.

शालूवर भुरकट चुरा सांडला.

त्यांनी पहिलं पान उचलायला बोट घातलं, तर पान अर्ध्यावर तुटून हातात आलं. उरलेल्या पानाला भोकंच भोकं होती. एका पानातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी वाट काढत कसर आरपार गेली होती. चंदेरी बारीक किडे उजेड पाहून पानांच्या घडीत पळायला लागले. अजितकुमार पाटी हातात धरून तसेच बसले.

सुंदरबाईंनी चुऱ्याला हात लावला. चिमटीत घेतला, पाहिला.

"मीच म्हनलं होतं," त्या म्हणाल्या. "घडी मोडन म्हनून."

अजितकुमारांनी कोनाड्यातला मऊ कुंचला आणला. किडे मारायचे नाहीत, ते जीव आहेत. त्यांनी हलक्या हातानं एकेक किडा कुंचल्यानं एका कागदावर घेतला. सुंदरबाई तो कागद दोन्ही हातांत धरून बाहेर नेत, भिंतीच्या सावलीला हळूच उपडा करत आणि परत येत. अशा पाच खेपा झाल्या. पोरीची तीन वर्षं ज्यांनी खाल्ली त्यांना त्या जपून सावलीत सोडत होत्या. पाचव्या खेपेला त्या उंबऱ्याशी टेकल्या आणि त्यांना हुंदका आला. मोठा नव्हता. लगेच डोळे पुसून त्या आत आल्या.

"वाचा, पंडितजी."

"काकू..."

"आता उघडली आहे तं वाचा. पहिल्या पानापासून. थोडं थोडं वाचा."

अजितकुमारांनी सुंदरबाईंकडे पाहिलं. मग मान खाली घालून, पहिल्या ओळीवर बोट ठेवून, त्यांनी श्लोक म्हणायला सुरुवात केली. आवाज स्वच्छ होता. श्लोक म्हणून झाला, अर्थ सांगून झाला, बोट दुसऱ्या ओळीवर गेलं. त्यांनी पानामागून पान उलटलं. तुटलेला तुकडा तुकड्याशेजारी मांडत ते पुढे जात होते.

सुंदरबाई बोटाकडे बघत होत्या. बोट अक्षरावरून सरकत होतं, अक्षर संपलं की भोकावरून सरकत होतं, आणि म्हणणं कुठेच अडत नव्हतं. वाचता येत नसलं म्हणून काय झालं, भोक दिसायला अक्षरओळख लागत नाही. पण ते शब्द याच पानांत होते, पोरीनं ते लिहिताना त्यांनी पाहिले होते. त्या डोळे मिटून ऐकू लागल्या. मध्येच एका श्लोकाला त्यांच्या ओठांवर हसू आलं. हा भागिरथी गुणगुणत असे.

"अक्षर कसं आहे हो पोरीचं?" त्यांनी विचारलं.

अजितकुमारांनी शाबूत राहिलेल्या एका ओळीवर बोट टेकवलं. "मोत्यासारखं आहे, काकू." हे खरं होतं.

दुपार कलली. त्यांनी सगळं वाचलं नाही, अधूनमधून घेतलं, आणि शेवटी एकच पान उरलं. त्याच्या चारी बाजूंची हिंगुळाची लाल रेघ तेवढी धड होती. मधला कागद जवळजवळ सगळा गेला होता. वर एका कोपऱ्यात एक काना आणि अर्धी वेलांटी दिसत होती.

अजितकुमारांचं बोट त्या पानावर आलं आणि थांबलं.

"पुढं?" सुंदरबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले नव्हते. वचन त्यांना आठवत होतं, पण समाप्तीपर्यंत ही पानं टिकतील याचा भरवसा उरला नव्हता.

"हा ग्रंथ..." त्यांनी घसा साफ केला. "हा ग्रंथ कामरगाव इथं... भागिरथीनं लिहून पुरा केला. आपल्या..." आवाज ओढत चालला होता. "आपल्या मातेच्या..."

सुंदरबाईंनी डोळे उघडले. पंडितजींच्या कपाळावर घाम आला होता. सुंदरबाईंनी हात पुढे केला आणि पंडितजींच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. बोटाला चौरंगाचं लाकूड लागलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं व्रत आहे."

अजितकुमारांनी बोट मागे घेतलं. बाहेर कोणीतरी बैलाला हाकारत गेलं.

"पंडितजी, उद्यापासून हीच लावा," सुंदरबाई म्हणाल्या. "श्लोक तुमाले पाठ आहेत ते समजलं मले. त्याच्यात काही खोटं नाही, ते सारं लिहिलं होतं तिनं. पोथी समोर ठेवा अन् म्हना. पन समाप्तीच्या दिवशी शेवटचं पान तुमी वाचू नका."

"मंग कोन वाचन, काकू?"

"मी सांगन बायकाईले." त्यांनी लाल रेघेचं ते पान दोन्ही तळहातांवर उचलून बाकीच्या पानांवर ठेवलं आणि वर पाटी लावली. "ते मले पाठ आहे."

अजितकुमारांनी त्यांच्याकडे पाहिलं. बोलायला त्यांचं तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. मग त्यांनी मांजरपाटाची एक बाजू धरली, दुसरी सुंदरबाईंनी धरली, आणि दोघांनी मिळून पोथी बांधली.